पिशवीची मागची बाजू

(तृतीय वर्ष, केमिकल)

आधीच सांगून टाकते, हा लेख 'मुक्या प्राण्यांवर प्रेम करा' वगैरे सांगणारा नाही. कॅम्पसमधल्या कुत्र्यांवरही नाही. त्यांचं काय करायचं ते कोर्ट, कॉलेज आणि रेक्टर सर बघतील, आणि त्या विषयावर मेसमध्ये रोज पुरेशी भांडणं होतात. हा लेख आहे घरच्या कुत्र्याच्या ताटलीत पडणाऱ्या त्या तपकिरी गोळ्यांवर. कुठल्याही कंपनीच्या असल्या तरी त्यांना घरोघरी 'पेडिग्री'च म्हणतात, जसं कुठल्याही फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो.

माझं म्हणणं साधं आहे. पिशवी निवडताना पुढची बाजू बघू नका, मागची वाचा. आणि मागची वाचताना घटकांची यादी एकटी वाचू नका. तिच्या शेजारी चार आकडे असतात आणि कुठेतरी कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, एक वाक्य असतं. तिन्ही मिळून एक उत्तर निघतं. नुसती यादी वाचणारा माणूस पुढचं चित्र बघून घेणाऱ्याइतकाच फसतो, फक्त जरा जास्त पैसे देऊन फसतो.

हे मला का सांगावंसं वाटलं? कारण हॉस्टेलवर राहणारे आपण सगळे घरच्यांचे बिनपगारी कन्सल्टंट आहोत. मोबाईल कुठला, फ्रिज कुठला आणि आता कुत्र्याचं खाणं कुठलं! आमच्या घरी बंड्या नावाचं चौदा किलोचं गावठी कुत्रं आहे. आईच्या मते त्याला दूध-भाकरी बस्स. बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून सुट्टं, किलोवर मिळणारं खाद्य आणायच्या मताचे. दादाला कुठूनतरी कळलंय की धान्य म्हणजे कुत्र्याला विष, म्हणून तो नऊशे रुपये किलोची 'ग्रेन-फ्री' पिशवी आणायला निघालेला. निकाल माझ्याकडे. कारण एक तर मी केमिकलला, आणि दुसरं, "एवढी वर्षं कॉन्व्हेंटची फी भरली, निदान पिशवीवरचं इंग्लिश तरी वाच." ठीक आहे, वाचलं. ते हे.

यादीपासून सुरुवात करू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात हे बहुतेकांना माहीत असतं. पण वजन कधीचं? शिजवण्याआधीचं! आणि ताज्या चिकनमध्ये ढोबळमानाने सत्तर टक्के पाणी असतं. समजा शंभर किलोच्या घाण्यात ताजं चिकन 24 किलो, मका 22, तांदूळ 18, चिकन मील 16 आणि बाकी किरकोळ. यादीत पहिलं नाव चिकन, पिशवीवर मोठ्ठ्या अक्षरात 'रिअल चिकन इज नंबर वन'. आता हे मशीनमधून काढून वाळवा. चोवीस किलोतलं पाणी गेलं, उरलं जेमतेम सात किलो. मका-तांदूळ जवळपास आहेत तिथेच. आणि चौथ्या नंबरवरचं चिकन मील, म्हणजे मांस आणि हाडं शिजवून, चरबी-पाणी काढून केलेली कोरडी भुकटी, ती सोळाची पंधरा किलो उरली. प्रथिनांचा हिशोब केला तर ताज्या चिकनने सव्वाचार किलो दिली आणि मीलने दहाच्या वर. म्हणजे घर चालवतंय चौथ्या नंबरवरचं पोरगं आणि फोटो लागलाय पहिल्याचा. यात कुणी खोटं बोललेलं नाही बरं का. नियमाप्रमाणेच लिहिलंय. आपणच मास बॅलन्स न करता वाचलं. सेकंड इयरला ज्यांनी ड्रायरची गणितं सोडवलीत त्यांनी तरी फसू नये!

दुसरी गंमत म्हणजे तुकडे पाडणं. समजा यादी अशी आहे: चिकन, वाटाण्याचं पीठ, वाटाण्याचं प्रथिन, बटाटा, वाटाण्याचा कोंडा. वाचणाऱ्याला वाटतं चिकन जास्त. पण वाटाण्याची तिन्ही नावं एका ओळीत आणून बेरीज करा. 15 अधिक 9 अधिक 6 म्हणजे 30, आणि चिकन 20. तीन वेगळ्या नावांनी फॉर्म भरल्यामुळे वाटाणा पहिला आला नाही इतकंच. मक्याचंही तसंच होतं: मका, मक्याचं पीठ, कॉर्न ग्लुटेन. त्यामुळे यादी वाचताना पेन्सिल घ्या आणि एकाच झाडाची पोरं एका गोलात टाका.

तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडते. यादीत मीठ शोधा. अशा खाद्यात मीठ साधारण एक टक्का किंवा त्याहून कमीच असतं. म्हणजे मिठाच्या खाली जे जे लिहिलंय ते सगळं त्याहूनही कमी. पुढच्या बाजूला जी ब्लूबेरी, क्रॅनबेरी, गाजर, पालक आणि रोझमेरीची बाग फुललेली असते ती बहुतेक वेळा मिठाच्या खाली सापडते. लग्नाच्या पंगतीत पुलावावर शोभेला ठेवलेल्या काजूसारखी. एका ब्लूबेरीचं चित्र काढायला जेवढी शाई गेली असेल तेवढी तरी ब्लूबेरी आत आहे का, अशी शंका येते.

पण मिठाखालचं सगळंच शोभेचं नसतं. तिथेच ती लांबलचक केमिकल नावं असतात ज्यांना बघून काकू-मावश्या घाबरतात. पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड, कोलीन क्लोराइड, डीएल-मेथिओनिन, झिंक सल्फेट. 'जे उच्चारता येत नाही ते खाऊ नका' असा एक फॉरवर्ड फिरत असतो. पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड म्हणजे व्हिटॅमिन बी-सिक्स, आपल्या मल्टिव्हिटॅमिन गोळीत असतं तेच. मेथिओनिन हे अमिनो आम्ल. गोळे बनवताना लागणाऱ्या उष्णतेत आणि नंतर पिशवीत पडून काही जीवनसत्त्वं मरतात, म्हणून ती जास्तीची घालावी लागतात. ही नावं नसती तर मला काळजी वाटली असती.

'बाय-प्रॉडक्ट' या शब्दावरून तर लोक फारच नाकं मुरडतात. अहो, काळीज, फुप्फुस, कलेजी, आतडी हे सगळं बाय-प्रॉडक्ट. आपल्याकडे वजडी करतात ती काय वेगळी? मटणाच्या दुकानात कलेजीसाठी नंबर लावणाऱ्यांनी कुत्र्याच्या पिशवीवर 'लिव्हर' बघून 'ई' करावं याला काय म्हणायचं! कलेजीत जीवनसत्त्व ए आणि लोह साध्या मांसापेक्षा कितीतरी जास्त असतं. माझी तक्रार वेगळी आहे. 'चिकन बाय-प्रॉडक्ट' म्हटलं तर निदान प्राणी कळतो. 'मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स' म्हटलं की कुठलाही प्राणी, या महिन्यात हा, पुढच्या महिन्यात तो. तसंच 'सीरियल्स अँड सीरियल बाय-प्रॉडक्ट्स'. असं गोणीभर नाव दिसलं की मी एक मार्क कापते. ज्या कुत्र्याला ॲलर्जीची खाज आहे त्याच्या मालकाने तर अशा पिशवीच्या वाटेला जाऊच नये, कारण नेमकं काय टाळायचं तेच समजणार नाही.

आता दादाच्या ग्रेन-फ्रीकडे. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडगा काही शेती करत नाही, म्हणून धान्य वर्ज्य, असा हा युक्तिवाद. 2013 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध छापला. स्टार्च पचवणारं अमायलेज बनवणारं एक जनुक आहे. लांडग्यात त्याच्या दोनच प्रती सापडल्या आणि कुत्र्यांमध्ये चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेजारी राहून, माणसाचं उष्टं खाऊन हा प्राणी आतून बदललाय. म्हणजे आईच्या भाकरीवर पचनाच्या दृष्टीने आक्षेप नाही. (ही ओळ आईला वाचून दाखवल्यावर तिने पुढचं ऐकून घेतलं नाही, पण पुढचंही महत्त्वाचं आहे: नुसत्या दूध-भाकरीत बंड्याला लागणारी प्रथिनं, झिंक, जीवनसत्त्व डी वगैरे पुरत नाहीत. 'आमच्या वेळची कुत्री भाकरीवर जगली' हे खरं, पण ती दिवसभर गावभर हिंडून उंदीर-घुशीही खात होती, आणि किती वर्षं जगली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.)

शिवाय एक निव्वळ इंजिनीअरिंगचा मुद्दा आहे. हे गोळे एक्स्ट्रूडरमधून निघतात. ओलसर पीठ दाबाखाली, शंभर डिग्रीच्या वर तापवून एका छोट्या भोकातून बाहेर ढकलायचं, बाहेर आल्यावर दाब उतरतो, पाण्याची वाफ होते आणि दाणा फुलतो. कुरकुऱ्यांच्या जातीचंच मशीन. 1950च्या दशकात अमेरिकेत कुत्र्याच्या खाद्यासाठी हे वापरायला लागले. पण फुलायला आणि आकार धरायला पिठात स्टार्च लागतो! धान्य काढलं की त्या जागी बटाटा, वाटाणा, मसूर, टॅपिओका, काहीतरी घालावंच लागतं. ग्रेन-फ्री म्हणजे कार्बोहायड्रेट-फ्री नव्हे. हे पिशवीवरच पडताळून बघता येतं, कसं ते पुढे.

आणि तेवढ्यावर थांबत नाही. 2018च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर केलं की काही विशिष्ट खाद्य खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये हृदयाचा एक आजार, ज्यात हृदय फुगून त्याचे स्नायू पातळ आणि कमजोर होतात, दिसतोय, आणि तो अशा जातींमध्येही दिसतोय ज्यांना एरवी तो फारसा होत नाही. 2019च्या जूनमधल्या अहवालात त्यांनी तक्रारींतल्या खाद्यांची वर्गवारी दिली: नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेन-फ्री, आणि 93 टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर. आता न्यायाने बोलायचं तर या तक्रारी होत्या, प्रयोग नव्हे. कारण-परिणाम ठरवण्याइतकी माहिती तक्रारींतून मिळत नाही असं एफडीएनेच 2022च्या डिसेंबरमध्ये सांगितलं. म्हणून मी 'ग्रेन-फ्रीने हृदय बंद पडतं' असं म्हणणार नाही. मी इतकंच म्हणते की ज्या गोष्टीचा निरोगी कुत्र्याला फायदा सिद्ध नाही आणि जिच्यावर असा संशय घेतला गेलाय, तिला तिप्पट पैसे का द्यायचे?

इथपर्यंत यादीची कौतुकं आणि लबाड्या झाल्या. आता यादी जे सांगूच शकत नाही ते.

आपल्या लॅबमध्ये केल्डाल पद्धत करतो ती आठवा. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, नायट्रोजन मोजायचा, 6.25 ने गुणायचं, आणि उत्तरापुढे 'प्रथिनं' लिहायचं. का 6.25? प्रथिनांत सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो म्हणून. पिशवीवर 'क्रूड प्रोटीन' छापतात त्यातला 'क्रूड' हा शब्द इथून आला. पण या पद्धतीला नायट्रोजन दिसतो, प्रथिन दिसत नाही. मेलामाइन घ्या, ज्याच्या रेझिनच्या ताटल्या आपल्या मेसमध्ये आहेत. त्यात वजनाच्या 66 टक्क्यांहून जास्त नायट्रोजन. गुणिले 6.25. कागदावर 416 टक्के प्रथिनं! शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅम मिसळलं की लेबलवर चार टक्के वाढले. 2007 साली हेच झालं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं, त्यासोबत सायन्युरिक आम्लही होतं, दोघांचे स्फटिक होऊन मूत्रपिंडात अडकले आणि उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरं मेली. मार्चपासून प्रचंड प्रमाणावर डबे-पाकिटं परत मागवावी लागली. त्या डब्यांवर काय छापलेलं होतं? 'व्हीट ग्लुटेन'. यादी वाचून कुणाला काय कळणार होतं? दुसऱ्याच वर्षी, 2008 मध्ये, चीनमध्ये हीच भेसळ बाळांच्या दुधाच्या पावडरीत निघाली आणि सहा बाळं गेली, जवळपास तीन लाख आजारी पडली. कुत्र्यांच्या खाण्याला 'जनावराचं तर आहे' म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

मक्याचंही उदाहरण आहे. मका हा वाईट घटक, असं यादीवाले म्हणतात. मका वाईट नसतो, बुरशी लागलेला मका वाईट असतो. 2020च्या अखेरीस अमेरिकेत एका कंपनीच्या कोरड्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, मर्यादेबाहेर निघालं आणि शंभरावर कुत्री दगावल्याच्या तक्रारी आल्या. यादीत 'मका' लिहिलेला असतो, तो गोदामात किती ओला झाला हे लिहिलेलं नसतं. म्हणून मी घटकाइतकंच बनवणाऱ्याला महत्त्व देते. बॅच नंबर आहे का, कारखान्याचा पूर्ण पत्ता आहे का, फोन केला तर कुणी उचलून शहाण्यासारखं उत्तर देतं का. मी दोन कंपन्यांना फोन केला. एकीने ॲश किती टक्के ते लगेच सांगितलं. दुसरीकडच्या बाईंना ॲश म्हणजे राख आणि खाद्यात राख असते यावरच विश्वास बसेना. नावं सांगत नाही, पण बंड्याची पिशवी कुठून येणार ते तिथे बरंचसं ठरलं.

ते मुंगीच्या अक्षरातलं वाक्य आता शोधा. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट फूड' असं लिहिलेलं हवं, आणि कुणासाठी तेही: पिल्लू, मोठं कुत्रं की दोन्ही. 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर ते जेवण नव्हे, तोंडी लावणं आहे. पिल्लांच्या बाबतीत इथे खेळ करू नका. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला आपल्याकडे हौसेने वरून कॅल्शियमच्या गोळ्या-टॉनिक पाजतात, 'हाडं मजबूत होतील' म्हणून. अशी पिल्लं जास्तीचं कॅल्शियम बाहेर ठेवू शकत नाहीत, ते शोषलं जातं आणि हाडं वाकडी होतात. अमेरिकेतल्या आफको या खाद्यनियंत्रकांच्या संघटनेने म्हणूनच मोठ्या जातींच्या वाढीच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा 1.8 टक्के ठेवली आहे. पिल्लांसाठीचं पूर्ण खाद्य देत असाल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वरून काही नको.

आता कॅल्क्युलेटर काढा. पिशवीवर प्रोटीन, फॅट, फायबर आणि मॉइश्चर असे चार आकडे असतात. ॲश नसेल तर आठ धरा. सगळे शंभरातून वजा केले की उरतं कार्बोहायड्रेट. नमुन्यादाखल तीन पिशव्या घेते. आकडे आणि भाव असतात त्या मापाचे, पण हिशोबासाठी धरलेले. स्वस्त पिशवी, दोनशे रुपये किलो: प्रोटीन 20, फॅट 10, फायबर 5, पाणी 12, राख 8. उरले 45. मधली, तीनशे रुपये किलो: 26, 15, 4, 10, 8. उरले 37. दादाची, नऊशे रुपये किलो: 30, 16, 5, 10, 8. उरले 31. बघा, 'लांडग्याचं जेवण' म्हणवणाऱ्या पिशवीतही जवळपास एक तृतीयांश कार्बोहायड्रेटच आहे!

ऊर्जा काढायची तर प्रथिन आणि कार्बोहायड्रेटला ग्रॅममागे साडेतीन कॅलरी आणि फॅटला साडेआठ. तिन्ही पिशव्यांची उत्तरं शंभर ग्रॅमला साधारण 312, 348 आणि 350. आणि बंड्याला लागतात किती? वजनाचा 0.75 घात गुणिले 70, आणि नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी वर गुणिले 1.6. घरी सायंटिफिक कॅल्क्युलेटर नाही? वजनाचा घन करा आणि दोनदा वर्गमूळ घ्या, साध्या दुकानदारी कॅल्क्युलेटरवर होतं. 14चा घन 2744, वर्गमूळ 52.4, पुन्हा वर्गमूळ 7.24. त्यावरून 811 कॅलरी. म्हणजे स्वस्त पिशवीतले 260 ग्रॅम, रोजचे 52 रुपये. मधलीतले 233 ग्रॅम, 70 रुपये. दादाच्या पिशवीतले 232 ग्रॅम आणि रोजचे 209 रुपये, महिन्याचे सव्वासहा हजार! एवढ्यात माझ्या मेसचं बिल भागून वर रोज वडापाव होतो.

स्वस्त आणि मधलीत किलोमागे दीडपट फरक दिसतो, पण रोजच्या खर्चात तो एक-तृतीयांशावर येतो. स्वस्त पिशवीही अगदी टाकाऊ नाही हेही कळतं. पाणी वगळून तिच्यात 22.7 टक्के प्रथिनं येतात आणि मोठ्या कुत्र्यासाठी आफकोचं किमान 18 आहे. ज्यांना तेवढंच परवडतं त्यांनी अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही, फक्त ते एक वाक्य पिशवीवर असू दे. माझा कौल मधलीला, कारण तिच्या यादीत मांसाचं नाव प्राण्यासकट आहे, धान्य काय आहे ते आहे, आणि फोन उचलणारी कंपनी तीच. 811 हा आकडाही देवाने दिलेला नाही. महिनाभर देऊन फासळ्यांवरून हात फिरवा. पातळ चादरीखाली लागाव्यात तशा लागल्या तर बरोबर, गादीखाली लागाव्यात तशा लागल्या तर कमी करा.

बाबांचं सुट्टं खाद्य मात्र मी साफ बाद केलं, आणि यावर तडजोड नाही. उघड्या पोत्यातून मापाने काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतात त्याला ना यादी, ना तारीख, ना बॅच नंबर. वर फवारलेली चरबी हवेत खवट होते आणि पावसाळ्यात दमटपणाने काय होतं ते मक्याच्या गोष्टीत सांगितलंच. दोन पैसे स्वस्त म्हणून मागची बाजूच नसलेली पिशवी घ्यायची?

राहता राहिला सरकारचा प्रश्न. आपल्याकडच्या 2006च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'अन्ना'च्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. बिस्किटाच्या पुड्याला लागतात ते नियम बंड्याच्या पिशवीला लागत नाहीत. भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी मानक आहे, आयएस 11968, पण दुकानात उभं राहून ते कुणाला आठवतं? माझी मागणी मोठी नाही. पिशवीवर शंभर ग्रॅममागची ऊर्जा छापा, राख छापा, कॅल्शियम छापा, आणि हे सगळं मराठीतही छापा. पाकीटबंद वस्तूंच्या 2011च्या नियमांप्रमाणे हिंदी किंवा इंग्लिश पुरते, आणि सोबत दुसरी भाषा छापायला कसलीही बंदी नाही. घरात कुत्र्याला वाढतं कोण? आई, आजी, कामाच्या मावशी. आणि वाचता येतं कुणाला? दोनशे किलोमीटरवर हॉस्टेलमध्ये बसलेल्या मुलीला!

दिवाळीच्या सुट्टीत मी बंड्याचे 233 ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले, आमच्या स्टीलच्या वाटीने ते किती होतात ते बघितलं आणि वाटीला आतून नेलपॉलिशने रेघ मारली. खाद्य डब्यात ओतून पिशवी फेकायची सवय होती, ती मोडून आता पिशवीच तोंड दुमडून डब्यात ठेवायची. तारीख आणि बॅच नंबर हाताशी राहतो आणि चरबीही कमी खवटते. डब्यावर मराठीत चिठ्ठी आहे: सकाळी एक, संध्याकाळी एक, रेघेपर्यंत. भाकरी दिली तर तेवढं कमी. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. आईने त्याखाली पेनने लिहिलंय, "दूध चालेल ना?" चालेल, थोडंसं, पोट बिघडत नसेल तर.